ओवळ्यात उघड्यावर राहणारं शिंगरू : थंडीत चंदी (घोड्याचा खुराक) किती, आणि झूल घालायची का?

रानजाई

नमस्कार मंडळी. या विभागात कुत्र्यामांजरांचेच धागे जास्त दिसतात, पण घोडा पाळणारं कुणी ना कुणी असेलच म्हणून विचारतेय.

ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळं गावाच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी सासरची थोडी जागा आहे. दिरांनी यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून एक शिंगरू आणलं. मादी आहे, रंग कुमेद (तांबूस तपकिरी), कपाळावर टिळा, मागचे दोन्ही पाय पांढरे. मारवाडी-काठेवाडी मिसळ आणि वय अकरा महिने, असं विकणाऱ्याने सांगितलं. दीर आपले यात्रेची हौस भागवून नोकरीवर परत गेले. आता ती माझ्या आणि आमच्या राखणदारमामांच्या गळ्यात. लहानपणी आजोळी बैल-म्हशी पाहिल्यात, घोडं हाताळलेलं नाही.

ती रात्रंदिवस कुंपणात मोकळी असते. तीन बाजूंनी बंद अशी पत्र्याची शेड आहे, पण आत पाऊल टाकत नाही. आंब्याखाली उभी राहते.

खाणं असं : सकाळी दोन किलो गव्हाचा कोंडा, कोमट पाण्यात गूळ घालून. दुपारी बांधावरचं हत्ती गवत. संध्याकाळी भाताचा पेंढा आणि ओंजळभर हरभरे. सहा वाजता शेवटचं, मग सकाळपर्यंत काही नाही.

पहाटे १४ अंशांपर्यंत पारा उतरतो. तिच्या अंगावरचे केस उभे राहिलेले दिसतात. मामा म्हणाले, लेकराला थंडी वाजतेय, आणि रात्री गोणपाट बांधायला लागले. ते घसरून पायात येतं म्हणून मी ऑनलाइन ३०० ग्रॅमची झूल मागवली. दुपारी १२ ला पोचले तर झूल अंगावर तशीच, हात घातला तर आतून ओली.

तर प्रश्न : झूल घालू का नको? खायला काय वाढवू? थंडीत बाहेर ठेवलं तर चालतं का?

---

मुलुंडचा_बाळ्या

१४ अंशाला आम्ही कानटोपी घालून टपरीवर उभे असतो, त्या शिंगराने काय घोडं मारलंय! (हलकं घ्या.)

पण ताई, ओवळ्यात डोंगराला लागून म्हणता, तर थंडीआधी बिबट्याचं बघा.

---

पागावाले_आप्पा

रानजाईताई, आमच्या घरात तीन पिढ्या घोडी आहेत, बारामतीकडची, भीमथडीची. सांगतो ते पटलं तर घ्या.

केस उभे म्हणजे थंडी वाजतेय असं नाही. केस फुलवून ती मध्ये हवा धरते. तेच तिचं पांघरूण. त्यावर गोणपाट आवळून बांधलं की केस चपटे बसतात आणि आहे ते पांघरूणही जातं. जड झूल असेल तर ती निदान स्वतः ऊब देते, गोणपाट तेही करत नाही. उलट दवाने भिजतं आणि रात्रभर ओलं फडकं पाठीवर राहतं.

थंडी खरंच वाजत असेल तर जनावर सांगतं. थरथरतं. पाठ कमानीसारखी वर काढतं, शेपूट दोन पायांत दाबून वाऱ्याकडे पुठ्ठे (मागचा भाग) करतं. कानांच्या मुळाशी हात धरा, तिथे गार लागले तर लक्ष द्या. कानांची टोकं गार असतातच, त्यावरून काही ठरवू नका. आणि चारा पुढ्यात असून खात नसेल तर थंडी सोडा, डॉक्टरला फोन करा.

वय दातांवरून बघून घ्या. खालच्या जबड्यातले मधले दोन दुधाचे दात जन्मल्यावर आठवड्याभरात येतात, त्यांच्या शेजारचे दीड महिन्याच्या आसपास, कडेचे सहा ते नऊ महिन्यांत. कडेचे दात हिरडीबाहेर आलेत पण शेजारच्यांच्या उंचीला लागलेले नाहीत, असं असेल तर वर्षाच्या आतली. यात्रेत वय दोन-चार महिने इकडचं तिकडे होतंच.

खरारा (ब्रशने अंग घासणं) रोज करता का? झुलीपेक्षा त्याची गरज जास्त. चिखल-घामाने चिकटलेले केस उभे राहू शकत नाहीत.

---

ठाणेकरीण

माझ्या माहेरी टांग्याचं घोडं होतं. थंडीत बाजरी, मेथ्या, गूळ द्यायचे. उष्ण पडतं, अंगात ऊब राहते. कोंड्याचा गरम घोळ तर पाहिजेच. संक्रांतीला तिळगूळसुद्धा.

---

अल्बर्टातला_देशमुख

कॅनडातून लिहितोय म्हणून हसू नका, आज सकाळी उणे २२ आहे. शेजारच्या कुरणात या वर्षीची शिंगरं उघडी आहेत, कुणाच्याही अंगावर झूल नाही. तीन बाजूंनी बंद शेड, वारा अडवायला झाडांची रांग, आणि गवताचा गोल गठ्ठा चोवीस तास समोर. एवढीच सोय.

शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात वाढत्या घोड्यांवर अभ्यास झालाय. चारा मोजून मिळणाऱ्या वर्षाच्या शिंगराला शून्याच्या आसपास ऊब टिकवायला जादा ताकद लागायला लागते. तेच पोटभर चारा असेल तर शून्याखाली दहा-अकरापर्यंत त्याचं बरं चालतं. फरक फक्त चाऱ्याचा.

कारण सोपं आहे. गवताचा तंतू घोड्याच्या मोठ्या आतड्यात तासन् तास आंबत राहतो आणि त्यातून उष्णता निघते. दाणा लवकर पचून जातो, त्यातून एवढी ऊब नाही. तुमची शिंगी सहाला शेवटचं खाते आणि पहाटे चारला, सगळ्यात गार वेळी, तिची भट्टी विझलेली असते. संध्याकाळी आठ-नऊला गवताचा भारा टाका आणि बघा.

---

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे, घोडीही बघतो. सगळ्यांचं वाचून लिहितोय, लांबेल.

थंडी. देशमुखांचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. तिथल्या घोड्यांना उन्हाळा संपता संपता, दिवस लहान होऊ लागले की दाट लव येते. तशी इथे येत नाही. उबदार हवेला सरावलेल्या घोड्यासाठी साधारण ५ ते २५ अंश हा आरामाचा पट्टा धरतात. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ आहे, १९६२ च्या जानेवारीतला. म्हणजे तोही या पट्ट्याच्या आतच. तुमचे १४ अंश शिंगराला सुखाचे आहेत. तिला त्रास तुमच्या दुपारच्या ३१ अंशांचा आणि त्यात अंगावर राहिलेल्या झुलीचा. घाम, ओल, बंद हवा, की पाठीवर खपल्या धरणारा त्वचेचा संसर्ग ठरलेला. तुम्ही हात घालून बघितलंत ते उत्तम केलंत.

मग झूल कधी? अवकाळी पावसात भिजली आणि वर वारा आहे, तेव्हा. भिजलेले केस हवा धरत नाहीत, मग १५ अंशालाही कुडकुडते. आजारी असेल, ताप उतरत असेल, फासळ्या दिसण्याइतकी खंगलेली असेल, तेव्हाही. पण तेव्हा आधी कोरडं पुसायचं, मग पातळ, बिनभरावाची, पाणी न शिरणारी झूल घालायची. ओल्या अंगावर जाड झूल कधीही नाही. तुमची ३०० ग्रॅमची म्हणजे चौरस मीटरला तेवढा भराव. ती बर्फाच्या मुलखासाठी आहे.

घातलीच तर रोज काढून अंग बघायचं. छातीवर, खांद्याच्या टोकाला आणि मानेच्या मुळाशी जो उंचवटा आहे तिथे केस झिजलेत का, ते तपासायचं. वाढतं जनावर आहे, आज बसलेली झूल दीड महिन्यात खांद्यावर आवळते. पोटाखालचे पट्टे इतकेच सैल की हाताचा पंजा आडवा जाईल. त्याहून सैल असतील तर खाजवताना मागचा पाय अडकतो. आणि एकटं शिंगरू कंटाळलं की पट्टे चावून तोडतं, हेही ओघाने आलंच.

खाणं. इथे मात्र मला काळजी वाटते. थंडीची नाही, हाडांची.

दोन किलो गव्हाच्या कोंड्यात वीस ग्रॅमच्या वर फॉस्फरस जातो आणि कॅल्शियम जेमतेम दोन-तीन ग्रॅम. वाढत्या शिंगराला हे उलटं हवं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट. त्यावर तुमचं हत्ती गवत आणि भाताचा पेंढा. दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढतं. असं महिनोन् महिने चाललं की जबड्याची, नाकावरची हाडं पोकळ होऊन सुजतात, चेहरा रुंद दिसायला लागतो, चालताना जागा बदलत लंगडतं. जुन्या काळी गिरण्यांची आणि पीठवाल्यांची घोडी कोंड्यावर असायची, त्यांच्यात हा आजार इतका की त्याला कोंड्याचंच नाव पडलं होतं.

ठाणेकरीणताई, म्हणून गरम घोळाला माझा विरोध आहे. त्याची ऊब तासाभराची. बाजरी मूठभर चालेल, मेथ्यांनी काही बिघडत नाही, गूळ औषध चारण्यापुरता. टांग्याचं घोडं मोठं होतं आणि दिवसभर पळत होतं. ही वाढतेय आणि उभी आहे.

तिचं वजन काढा. कोपराच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८० हे मोठ्या घोड्याचं गणित. वर्षाच्या शिंगराला त्याने वजन कमी येतं, तिथे १०,९०० च्या आसपास भाजक धरा. आकडा टाका, मग चंदी सांगतो.

तोवर कोंडा रोज थोडा थोडा कमी करत आणा. एकदम बंद करू नका. आतड्यातल्या जंतूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात, घाई केली की पोटशूळ.

---

बांधावरून

डॉक्टरसाहेब, हत्ती गवतावर आमच्या बारा म्हशी आहेत आणि दूध उत्तम आहे. उगीच घाबरवू नका. सगळ्या कृषी मेळाव्यांत तेच लावायला सांगतात.

---

गुरांचा_डॉक्टर

म्हशीला लावायला सांगतात, बरोबरच आहे. म्हशीच्या पहिल्या पोटातले जंतू ऑक्झलेट फोडून टाकतात. घोड्याला ते पोटच नाही. त्याचं कॅल्शियम लहान आतड्यात शोषलं जातं आणि जंतूंचं काम त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात सुरू होतं. तोवर कॅल्शियम बांधलं गेलेलं असतं.

हाच घोळ पोत्यातल्या खाद्याचाही आहे. म्हशीची सरकी पेंड शिंगराला नको. आणि कोंबडीखाद्य तर कोपऱ्यातही ठेवू नका. त्यात मोनेन्सिन असू शकतं. कोंबड्यांना ते औषध आहे, घोड्याच्या हृदयाला विष. एकाच घमेल्याने दोन्ही खाद्यं भरू नका, असं मी पाळणाऱ्यांना बजावून सांगतो.

---

बांधावरून

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे कोंबड्या आणि मुलाचं तट्टू एकाच पडवीत आहे. आजच पोतं हलवतो.

---

येऊरचा_रहिवासी

बाळ्याभाऊंना अनुमोदन. ताई, तुमच्या कुंपणापलीकडे राष्ट्रीय उद्यानाचंच जंगल आहे. आमच्या पाड्यावर वासरं-शेळ्या गेलेल्या आहेत. वर्षाच्या आतलं एकटं शिंगरू रात्री आंब्याखाली म्हणजे आमंत्रण. आधी झालं नाही म्हणून होणार नाही, असं नसतं.

शेडची चौथी बाजू जाळीने बंद करा. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, कुंपणाची जाड तारेची घ्या, खाली फूटभर जमिनीत गाडलेली, आणि वर पत्र्यापर्यंत. पत्रा आणि भिंतीच्या मध्ये फट असेल तर तिथेही जाळीच. फळ्या मारून हवा बंद करू नका. कुत्रा बाहेर बांधून ठेवणं म्हणजे राखण नव्हे, बिबट्याला ते आवडतंच. रात्री खरकटं, कोंबडीची पिसं वगैरे आवारात टाकू नका, त्याने भटकी कुत्री येतात आणि मागोमाग तो.

---

गुरांचा_डॉक्टर

शंभर टक्के. आणि हवा बंद करू नका हे माझ्या बाजूनेही. रात्रभराच्या मुताचा अमोनिया जमिनीलगत साठतो, आणि शिंगरू तर तोंड खाली घालूनच खातं. थंडीत दारं-खिडक्या लावून घेतलेल्या तबेल्यांतली खोकणारी घोडी मी जितकी बघतो, तितकी थंडी बाधलेली नाही बघितली. आत गेल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं तर तिच्या फुप्फुसांना झोंबतंय.

---

रानजाई

बापरे, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एकेक सांगते.

दात बघितले. मामांनी तोंड धरलं, मी मोबाइलचा उजेड मारला. कडेचे दात बाहेर आलेत पण आखूड आहेत, वरच्या-खालच्यांची टोकं एकमेकांना टेकत नाहीत. म्हणजे आप्पा म्हणाले तसंच, वर्षाच्या आतली.

घेर १३८, लांबी १२६. १०,९०० ने भागून २२० किलो येतं.

हाताने फासळ्या चाचपल्या. डोळ्यांना गुटगुटीत दिसते, पण केसांतून बोटं दाबली तर फासळ्या मोजता येतात. पोट मात्र मोठं आहे. सकाळची लीद लिंबाएवढ्या घट्ट, कोरड्या गोळ्यांची. पाणी सिमेंटच्या टाकीत आहे, पहाटे हात घातला तर गारठतो.

थरथरताना एकदाही दिसली नाही. झूल काढून ठेवली.

शेडमध्ये मात्र जात नाहीच. गूळ दाखवून आत नेलं तर पत्रा उन्हाने कडकन वाजला आणि मला ओढतच बाहेर आली.

---

पागावाले_आप्पा

पत्र्याच्या आवाजाला भिते, त्यात नवल नाही. पत्र्यावर गवताचे भारे किंवा झावळ्या टाका, आवाज मरतो आणि दुपारी तापतही नाही. ओढून आत नेऊ नका, त्याने शेड म्हणजे संकट असं डोक्यात बसतं. गवत फक्त शेडमध्येच ठेवा, आधी तोंडाशी, मग रोज हातभर आत. भूक तिला नेईल.

आणि एकटी ठेवू नका हो. घोडं कळपाचं जनावर. एकटं शिंगरू रात्रभर उभं राहून कानोसा घेतं, धड आडवं होत नाही. म्हातारी शांत घोडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिच्याकडून शिंगरू सगळं शिकतं. नाहीतर एखादी शेळी आणा.

---

मुलुंडचा_बाळ्या

शेळी आणली की बिबट्याला दोन पानांची पंगत. आधी जाळी, मग शेळी.

---

गुरांचा_डॉक्टर

बाळ्याभाऊ आज फॉर्मात आहेत, पण क्रम बरोबर सांगितला.

ताई, मोठं पोट आणि हाताला लागणाऱ्या फासळ्या एकत्र दिसल्या की दोन गोष्टी मनात येतात. एक, निकस पेंढ्याने भरलेलं पोट. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के, त्यावर स्नायू कुठून येणार? दोन, जंत. या वयात मोठे गोल जंत असतात, आतड्यात गुंता करून अडथळाही आणतात. लीद तपासून मग औषध. दुकानातून परस्पर आयव्हरमेक्टिन आणून पाजू नका. या गोल जंतांवर ते जगभर निष्प्रभ होत चाललंय, आणि जंत फार असतील तर एकदम मेलेल्यांचाच बोळा अडकतो. डोस आणि औषध तुमच्या डॉक्टरांना वजन सांगून ठरवा. धनुर्वाताची लस झाली नसेल तर त्याच भेटीत. घोड्यासारखं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही, आणि तुमच्याकडे आता जाळीचं, तारांचं काम निघणार आहे.

यात्रेतून आणलंय तर ग्लँडर्सच्या तपासणीचा कागद होता का, दिरांना विचारा. नसेल तर रक्त तपासून घ्या. घोड्यापासून माणसालाही होणारा आजार आहे आणि कायद्याने तो कळवावाच लागतो. नाकातून घट्ट स्राव किंवा पायावर गाठी दिसल्या तर हात लावायच्या आधी फोन करा.

आता २२० किलोला चंदी. अशा बांध्याची घोडी मोठेपणी साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. वर्षाला तिचं साठ-पासष्ट टक्के वजन होतं, म्हणजे ती अगदी मागे पडलेली नाही. हे महत्त्वाचं, कारण आता दया येऊन दाणा ओतायची चूक लोक करतात. दाण्याने झपाट्याने वजन वाढलं की सांध्यांजवळची कोवळी वाढ त्या वेगाला पुरत नाही, गुडघ्याच्या वर सूज येते, पाय वाकतात.

दिवसाला कोरड्या मापाने पाच किलोच्या आसपास खाणं हवं. त्यात वाळलेलं गवत तीन ते चार किलो, पण ते मोजत बसू नका, रात्री समोरचं संपलेलं दिसता कामा नये. हिरवा लसूणघास (लुसर्न) सात-आठ किलो, दोन वेळांत विभागून. ओला असल्याने आकडा मोठा दिसतो, सुकवला तर दीडेक किलो भरेल. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही त्यातून येतं. भरडलेली जव अर्धा किलो आणि रात्रभर भिजवलेले हरभरे चारशे ग्रॅम, हेही दोन वेळांत. एका वेळी किलोच्या वर दाणा कधीच नाही. घोड्यांसाठीचं खनिज मिश्रण डब्यावर लिहिलंय तेवढं. त्यात मिसळायला मूठभर कोंडा चालेल, माझं कोंड्याशी वैर नाही.

मीठ रोज एक सपाट मोठा चमचा, चंदीत. मीठ गेलं की पाणी पितात. तुमची कोरडी लीद तेच सांगतेय : पेंढा कोरडा, पाणी गार, पिणं कमी. इथून शूळ फार लांब नसतो. सकाळ-संध्याकाळ बादलीत कोमट पाणी ठेवा आणि दिवसाला किती उतरतं ते बघा. लसूणघास सुरू झाला की त्यातूनही पाणी जाईल. तरी दहा-पंधरा लिटर पोटात जायला हवं.

---

ठाणेकरीण

डॉक्टर, माझा तिळगूळ तरी ठेवा!

---

गुरांचा_डॉक्टर

एक लाडू. तोही रानजाईताईंनी हातावर दिलेला नको, घमेल्यात टाका. शिंगराला हातावरून गोड दिलं की महिन्याभरात ते खिशाला तोंड घालतं आणि मग चावतं.

---

खाडीपलीकडची

नवी मुंबईतून, घणसोली. आमच्या इथे एकांची तीन घोडी आहेत, मी सकाळी मदतीला जाते. चाऱ्याबद्दल थोडं लिहिते, कारण कागदावरचं गणित बाजारात अडतं.

लसूणघास म्हशींच्या तबेल्यांना पुरवणाऱ्याकडून घ्यायचा. त्यांची गाडी रोज येते, त्यामुळे तो ताजा असतो. भारा उघडून मध्ये हात घाला. गरम लागला तर घेऊ नका, आंबायला लागलाय. वाळलेलं गवत वाडा-शहापूरकडून येतं, वखारीत भाऱ्यावर मिळतं. भारा वरून सोनेरी असतो आणि आत काळी बुरशी निघते, म्हणून एक तरी समोर फोडून घ्या. वास गोडसर असावा, तळघरासारखा कोंदट नको. म्हैस एकवेळ पचवते, घोडं नाही.

झटकल्यावर धूळ उडाली तर पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून द्या. आमची एक घोडी दर थंडीत खोकायची. गवत भिजवायला लागल्यापासून खोकला गेला. तुमच्याकडे घोडबंदर रोडची धूळ वर फुकट. मात्र भिजवलेलं दुपारपर्यंत संपवायचं, इथल्या हवेत ते लगेच आंबतं.

गवत जमिनीवर टाकायचं की जाळीत यावर आमच्याकडे रोज वाद. मी जमिनीच्या बाजूने. मान खाली घालून खाल्लं की नाकातला कचरा खाली पडतो. जाळी लोंबली तर शिंगराचा पाय अडकतो, ते वेगळंच. ओटा करून त्यावर टाका, म्हणजे माती पोटात जात नाही.

---

अल्बर्टातला_देशमुख

वा, हे आवडलं. आमच्याकडे गवत कापणीनंतर एकदाच भरून ठेवतात, त्यामुळे रोजच्या भाऱ्याचं राजकारण माहीत नव्हतं.

---

रानजाई

कळवायचं राहिलं होतं, जरा उशीर झाला.

जाळी लागली. पत्र्यावर झावळ्या टाकल्या. आप्पांच्या सांगण्याप्रमाणे गवत हातभर-हातभर आत सरकवत नेलं आणि आता ती संध्याकाळी आपणहून आत जाते. पहिल्या रात्री मामा बाहेर खाट टाकून झोपले होते, त्यांना मध्यरात्री कुरूम-कुरूम ऐकू येत होतं म्हणे. शेळी आलीये. तिची आणि शिंगीची पहिले दोन दिवस भांडणं, आता शेळी तिच्याच गवतावर बसते आणि तिला उठवायची हिंमत शिंगीत नाही.

कोंडा मुठीवर आणला. लीद आता मऊ, फुटणारी आहे. तपासणीत जंत निघाले, डॉक्टरांनी औषध दिलं, धनुर्वाताची सुई झाली. ग्लँडर्सचा कागद दिरांकडे निघाला, मोबाइलमध्ये फोटो होता, त्यांना सांगायचं सुचलं नव्हतं!

परवा भल्या पहाटे १३ अंश होते. मी स्वेटरवर शाल घेऊन गेले तर बाईसाहेब जाळीला नाक लावून लसूणघासाची वाट बघत उभ्या. कान मुळाशी गरम.

दोन शंका उरल्यात. फासळ्या हाताला किती लागायला हव्यात? आणि मामा विचारतात, पाठीवर बसायला कधी घ्यायची? त्यांच्या नातवाला घाई आहे.

---

गुरांचा_डॉक्टर

फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत आणि तळहात हलका फिरवला की एकेक लागाव्यात. दाबावं लागलं तर जाड, नुसत्या बघून मोजता आल्या तर अजून बारीक. नवापैकी गुण देण्याची एक पद्धत आहे, त्यात ती पाचाच्या जवळ ठेवा. दर पंधरवड्याला त्याच माणसाने, त्याच टेपने घेर मोजून वहीत लिहा. केसांमुळे डोळा फसतो.

पाठीवर कुणी नाही. नातूही नाही. तीन वर्षांची होईपर्यंत विषय काढू नका. मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालून चालणं, चारही पाय उचलू देणं, खरारा करून घेणं, एवढंच आता. पाय उचलायची सवय झाली की नालबंदाला बोलवा. नाल नको, खूर फक्त समतल करायचे, दीडेक महिन्याने एकदा.

---

पागावाले_आप्पा

मामांना सांगा, नातवाला खरारा हातात द्या. तीन वर्षांनी घोडी त्याच्याशिवाय कुणाला पाठीवर घेणार नाही.

---

बांधावरून

डॉक्टरसाहेब, मुलाच्या तट्टूलाही पेंढाच आहे. सात वर्षांचं आहे, त्यालाही लसूणघास सुरू करू का?

---

गुरांचा_डॉक्टर

मोठ्या, काम नसलेल्या तट्टूला एवढा लसूणघास नको, जाड होईल आणि खुरांना सूज येऊन लंगडेल. चांगलं वाळलेलं गवत आणि मीठ पुरे. त्याचं वय, वजन आणि सध्याचं खाणं लिहून वेगळा धागा काढा, तिथे बोलू.